पडद्यामागचा डॉक्टर

आमच्या गल्लीत चार वर्षांपूर्वी एक लग्न झालं. नवी सून अंगाने नाजूक, पण कामाला चटपटीत. आठेक महिन्यांत तिला खोकला लागला. संध्याकाळी अंगात कणकण, जेवण तुटलं, ब्लाउज सैल व्हायला लागले. तपासलं तर टीबी. चौथ्या दिवशी तिचा दीर तिला पेटीसकट माहेरच्या एसटीत बसवून आला. (ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून लिहिते आहे.) मी तिच्या सासूबाईंना भेटायला गेले. त्यांनी मला चहा दिला आणि अगदी शांतपणे सांगितलं, की हा आजार तिच्या घराण्यातच आहे, तिचा आजाही यानेच गेला, आमच्यापासून लपवून मुलगी दिली.

घराण्यातच आहे, हे मी लहानपणी आमच्याही घरी ऐकलं होतं. माझ्या आईची मावशी क्षयाने गेली. तिचं ताट, फुलपात्र पडवीतल्या कोनाड्यात वेगळं असायचं आणि ती गेल्यावर ते विहिरीत टाकलं, असं आई सांगायची. त्यानंतर म्हणे त्या घरातल्या मुलींची लग्नं जमेनात.

मी आमच्या महिला मंडळातर्फे गेली बारा वर्षं टीबीच्या रुग्णांना गोळ्या द्यायचं काम करते. पूर्वी एक दिवसाआड माझ्या ओट्यावर येऊन रुग्ण माझ्यासमोर गोळ्या घ्यायचे, आता रोजच्या गोळ्या असतात. पण मी बी.ए. मराठीची. सासूबाईंना उत्तर देताना मला नुसतं तसं नसतं हो, एवढंच म्हणता आलं. का नसतं, हे नीट माहीत नव्हतं. घरी येऊन वाचायला बसले आणि रॉबर्ट कॉख या माणसापाशी पोचले. दरवर्षी २४ मार्चला आपल्याकडे शाळेच्या मुलांच्या फेऱ्या निघतात, तो जागतिक क्षयरोग दिन याच माणसामुळे. त्याची गोष्ट आज सांगते. डॉक्टरसाहेबांना अरेतुरे करते आहे, पण इतके दिवस त्याच्याबद्दल वाचून तो घरातलाच वाटायला लागला आहे.

कॉखचा जन्म ११ डिसेंबर १८४३ चा, जर्मनीतल्या हार्त्स डोंगरातल्या क्लाउस्टाल या खाणींच्या गावातला. वडील खाणीवरचे अधिकारी. तेरा भावंडांतला हा तिसरा. तेरा बाळंतपणं! त्या आईबद्दल चरित्रांत फारसं काही नसतं. मुलगा हुशार, शाळेत जायच्या आधीच वर्तमानपत्रावरून अक्षरं शिकला असं सांगतात. ग्योटिंगेनच्या विद्यापीठात तो डॉक्टर झाला, १८६६ मध्ये. तिथे हेन्ले नावाचे प्राध्यापक होते. साथीचे रोग कुठल्या तरी सूक्ष्म सजीवांमुळे होत असावेत, असं त्यांनी पूर्वीच लिहून ठेवलं होतं. पुरावा मात्र नव्हता.

तरुण कॉखला खरं तर जग बघायचं होतं. पण १८६७ मध्ये एमीशी लग्न झालं, पुढच्या वर्षी मुलगी झाली, गर्ट्रूड. मग संसारासाठी या गावातून त्या गावात दवाखाना थाटत हिंडणं सुरू झालं. शेवटी १८७२ मध्ये वोलश्टाइन या छोट्या गावात सरकारी जिल्हा डॉक्टर म्हणून नेमणूक मिळाली. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. आपल्या तालुक्याच्या गावासारखंच असणार. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही, बोलायला बरोबरीचं माणूस नाही.

त्याच्या वाढदिवसाला एमीने घरखर्चातून साठवलेल्या पैशांचा मायक्रोस्कोप त्याला भेट दिला, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. मग त्याने तपासणीच्या खोलीत मधोमध पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे रुग्ण आणि पलीकडे मायक्रोस्कोप, उंदीर, काचपट्ट्या. आपल्याकडे एकाच खोलीत दुकान आणि संसार असतो ना, तसंच.

त्या भागात गाईगुरं, मेंढ्या अँथ्रॅक्सने पटापट मरत. आपल्याकडे शेतकरी त्याला फाशी म्हणतात. मेलेल्या जनावराच्या रक्तात बारीक काड्यांसारखं काहीतरी दिसतं हे आधीच्यांना माहीत होतं. पण या काड्या रोगाचं कारण की परिणाम? कॉखने लाकडाच्या ढलपीवर ते रक्त घेऊन उंदरांना टोचलं. उंदीर मेले, त्यांच्या रक्तात त्याच काड्या. मग या काड्या शरीराबाहेर वाढवून त्याने दाखवलं, की परिस्थिती वाईट झाली की त्यांची बीजं बनतात आणि ती जमिनीत वर्षानुवर्षं तग धरून राहतात. म्हणून एखाद्या कुरणात पुन्हा पुन्हा गुरं मरत. ते कुरण शापित नव्हतं. १८७६ मध्ये हे सगळं घेऊन तो ब्रेस्लाउ शहरात प्राध्यापक कोन यांच्याकडे गेला आणि त्यांच्यापुढे प्रयोग करून दाखवले. खेड्यातला अनोळखी डॉक्टर एकदम नावारूपाला आला. १८८० मध्ये त्याला बर्लिनच्या सरकारी आरोग्य कार्यालयात बोलावलं. पडदा सुटला, खरी प्रयोगशाळा मिळाली.

इथे एक स्वयंपाकघरातली गोष्ट सांगायलाच हवी. जंतू वाढवायचे तर ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून घट्ट पृष्ठभाग लागतो. कॉखने आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापा वापरल्या, मग जिलेटिन. पण जिलेटिन उन्हाळ्यात पातळ व्हायचं, काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. त्याच्याबरोबर काम केलेल्या वाल्टर हेस्से या डॉक्टरांची बायको फॅनी नवऱ्याला प्रयोगशाळेत मदत करायची, चित्रं काढून द्यायची. तिच्या घरच्या जेली मात्र भर उन्हाळ्यातही मोडत नसत. हेस्सेंनी कारण विचारलं, तर ती अगर घालत होती. जाव्हात राहून आलेल्या एका डच शेजारणीकडून ती हे शिकली होती. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. हे चायना ग्रास शरीराच्या तापमानालाही घट्ट राहतं आणि सहसा कुठला जंतू ते खात नाही. हेस्सेंनी कॉखला कळवलं. कॉखने आपल्या लेखात अगरचा ओझरता उल्लेख केला, हेस्से नवराबायकोचं नाव घातलं नाही. आज जगातल्या बहुतेक प्रयोगशाळांत जंतू त्या चायना ग्रासवरच वाढवतात. आमच्या मंडळात ते उपासाला चालतं की नाही यावर दर आषाढीला वाद होतो. यंदा मी फॅनीची गोष्ट सांगून विषय बदलणार आहे.

ऑगस्ट १८८१ मध्ये कॉखने क्षयरोगाला हात घातला. तेव्हा युरोपात दर सात मृत्यूंमागे एक क्षयाचा होता, आणि मरणारी माणसं ऐन कमावत्या वयाची. आजाराच्या कारणाबद्दल बहुतेक डॉक्टरांचं मत आमच्या गल्लीतल्या सासूबाईंसारखंच होतं: घराण्याचा दोष, मूळची कमकुवत प्रकृती, वाईट हवा. श्रीमंतांत तर नाजूक, फिकट, हळव्या माणसांचा आजार म्हणून त्याचं कौतुकही चाले. फ्रान्सच्या व्हिलमँने १८६५ मध्येच रुग्णाच्या फुफ्फुसातला अंश सशांना टोचून हा आजार एकाकडून दुसऱ्याला जातो हे दाखवलं होतं. पण डोळ्यांना काही दिसत नव्हतं, त्यामुळे त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही.

न दिसण्याचं कारण असं, की या जंतूभोवती मेणासारखं आवरण असतं. साधा रंग त्याच्यावर चढतच नाही. कॉखने नाना रंग वापरून पाहिले, तासन्‌तास काचपट्ट्या रंगात बुडवून ठेवल्या. शेवटी तपकिरी पार्श्वभूमीवर निळ्या, बारीक, किंचित वाकलेल्या काड्या दिसल्या. मग त्या वाढवायच्या. बाकीचे जंतू एका रात्रीत वाढलेले दिसतात. हे महाशय दुसरा आठवडा उलटेपर्यंत काहीच दाखवत नाहीत. दुसऱ्या कुणी आठव्या दिवशी नळ्या धुऊन टाकल्या असत्या. कॉख थांबला. वाढलेले जंतू त्याने गिनीपिगांना टोचले, त्यांना क्षय झाला, त्यांच्या शरीरातून तेच जंतू पुन्हा मिळाले.

जंतूचा हा संथपणा मी रुग्णांना नेहमी सांगते. दोन महिने गोळ्या घेतल्या की खोकला जातो, भूक लागते, वजन वाढतं आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. पण उरलेसुरले जंतू सुस्तपणे बसलेले असतात, म्हणून सहा महिन्यांचा कोर्स. मध्येच सोडला तर पुढे नेहमीची औषधं लागू पडेनाशी होण्याचा धोका असतो.

२४ मार्च १८८२ ची संध्याकाळ. बर्लिनच्या शरीरशास्त्र मंडळाची बैठक, जागा एक छोटा वाचनकक्ष. कॉख काही वक्ता नव्हता. अडखळत, सावकाश बोलायचा. पण दोनशेहून जास्त नमुने त्याने टेबलावर मांडले होते. भाषण संपलं तर टाळ्या नाहीत, प्रश्न नाहीत. वाद घालायला सदैव तयार असणारी विद्वान मंडळी गप्प बसली होती. मग एकेक जण उठून मायक्रोस्कोपाला डोळा लावायला लागला. काही आठवड्यांत ही बातमी लंडन आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत पोचली. क्षय हा घराण्याचा दोष नाही, एका जंतूमुळे होतो आणि तो जंतू रुग्णाच्या थुंकीतून बाहेर पडतो, हे त्या संध्याकाळपासून माणसाला ठाऊक आहे.

ठाऊक झालं, पण औषध नव्हतं. इथे मला आपल्या आनंदीबाई जोशींची आठवण येते. कॉखच्या भाषणानंतर वर्षभराने, १८८३ मध्ये, त्या अमेरिकेला निघाल्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, कोल्हापूरच्या इस्पितळात त्यांची नेमणूकही ठरली. आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत. त्यांना मारणारा जंतू पाच वर्षांपूर्वी सापडलेला होता. त्याला मारणारं औषध यायला अजून साठेक वर्षं होती.

सगळं जग कॉखकडे औषध मागत होतं. मधल्या काळात तो इजिप्तला आणि मग कलकत्त्याला येऊन कॉलऱ्याचा जंतू आणि तलावाच्या पाण्याशी असलेलं त्याचं नातं दाखवून गेला. घरी परतला तो राष्ट्राचा नायक होऊनच. आणि १८९० मध्ये त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. बर्लिनच्या वैद्यक परिषदेत त्याने जाहीर करून टाकलं, की क्षयाची वाढ थांबवणारा पदार्थ आपल्याला मिळाला आहे. नोव्हेंबरात त्याबद्दल लेख आला. पदार्थ कशाचा, हे मात्र गुपित. ते होतं ट्यूबरक्युलिन, क्षयाच्या जंतूंचाच ग्लिसरीनमधला अर्क.

बर्लिनच्या स्टेशनवर रुग्णांचे लोंढे यायला लागले. होटेलं भरली, खानावळी भरल्या. अखेरच्या अवस्थेतली माणसं गाडीतून उतरत होती. मला हे वाचताना कुठल्याशा बाबाचं औषध घ्यायला आपल्याकडे लागणाऱ्या रांगा आठवल्या. फरक एवढाच, की इथे रांगेच्या टोकाला खरोखरचा शास्त्रज्ञ होता. काहींना बरं वाटल्यासारखं झालं. पण बऱ्याच जणांना सडकून ताप भरला, काही दगावले. जानेवारी १८९१ मध्ये फिर्शो या नामवंत डॉक्टरांनी मेलेल्या रुग्णांची तपासणी करून सांगितलं, की जंतू मरत तर नाहीतच, उलट शरीरात आणखी पसरल्याच्या खुणा दिसतात. कॉखला पदार्थाचं गुपित उघड करावं लागलं. चौदा-पंधरा दिवस एका नळीची वाट पाहणारा हा माणूस. औषधाच्या बाबतीत त्याचा धीर का सुटला? सरकारची घाई होती, फ्रान्सच्या पाश्चरशी चुरस होती, आणि माझ्या मते कौतुकाची सवयही लागली होती.

त्याच सुमारास संसारही मोडला. हेडविग फ्रायबेर्ग नावाच्या, त्याच्यापेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी लहान मुलीच्या तो प्रेमात पडला. ट्यूबरक्युलिन त्याने स्वतःला टोचून घेतलं होतं, तसं तिनेही घेतलं. १८९३ मध्ये एमीशी घटस्फोट आणि हेडविगशी लग्न. मायक्रोस्कोप देणारी एमी इथे चरित्रातून बाहेर जाते. हेडविग मात्र पुढे आफ्रिकेपर्यंत त्याच्याबरोबर हिंडली.

१८९७ मध्ये प्लेगच्या साथीत कॉख मुंबईलाही येऊन गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात सावित्रीबाई प्लेगने गेल्या होत्या.

चुका तिथे थांबल्या नाहीत. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत त्याने ठासून सांगितलं, की गाईंचा क्षय माणसांना होण्याची भीती नगण्य आहे. ब्रिटिशांनी आयोग नेमून दहा वर्षं तपास केला आणि कॉख चुकला असं दाखवलं. कच्च्या दुधातून लहान मुलांना तो आजार होत होता. आपल्या आज्या दूध उतू जाईपर्यंत तापवायच्या, त्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही.

१९०५ मध्ये कॉखला नोबेल मिळालं. स्टॉकहोममधलं त्याचं भाषण मी मुद्दाम वाचलं आणि मला फार नवल वाटलं. त्यात औषधाचा डंका नव्हता. रुग्णांची नोंद व्हायला हवी, खोकल्यातून जंतू बाहेर टाकणारे रुग्ण आधी शोधायला हवेत, दाटीवाटीची अंधारी घरं सुधारायला हवीत, आणि माहितगार माणसाने रुग्णाच्या घरी जाऊन घरच्या सगळ्यांची विचारपूस करायला हवी, असं तो सांगत होता. म्हणजे आज आपल्या आशाताई करतात तेच. ट्यूबरक्युलिनने त्याला नमवलं होतं की वयाने, कोण जाणे. २७ मे १९१० ला बाडेन-बाडेन इथे हृदयविकाराने तो गेला. त्याच्या अस्थी बर्लिनमधल्या त्याच्याच संस्थेत आहेत.

जंतू मारणारं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ मध्ये अमेरिकेत सापडलं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९५६ पासून मद्रासमध्ये झालेलं काम. तोवर रुग्णाला सॅनेटोरियममध्ये धाडायचं हीच रीत होती. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीला असंच मोठं सॅनेटोरियम होतं. मद्रासच्या डॉक्टरांनी काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि काहींना गोळ्या देऊन त्यांच्याच गर्दीच्या, गरिबीच्या घरी ठेवलं. दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबांत काही जास्त क्षय झाला नाही. जो संसर्ग व्हायचा तो बहुतेक निदानाच्या आधीच झालेला असतो. औषध नीट सुरू झालं की साधारण दोन आठवड्यांत रुग्णाकडून लागण व्हायची भीती खूपच कमी होते. ताटवाटीने, कपड्यांनी तर हा आजार पसरतच नाही. मग सुनेला एसटीत बसवून काय मिळवलं? हे मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसतं ऐकून घेतलं.

आज जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांमागे साधारण एक भारतातला आहे. तपासणी, औषधं सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. खाण्यासाठी रुग्णाच्या खात्यावर २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये जमा व्हायला लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. या खाण्याला नावं ठेवू नका. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी रुग्णांच्या कुटुंबांना धान्य, डाळ दिली, तर घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं जेवणाऱ्या बायकांच्या घरांत याचा अर्थ काय, ते तुम्हीच बघा.

आता पुन्हा आमच्या गल्लीत येते. त्या घरात सासरे होते. बिडी ओढायचे, दोन वर्षं खोकायचे. बिडीचा खोकला म्हणून कुणी लक्ष देत नव्हतं. सून माहेरी गेल्यावर आशाताई घरच्यांची तपासणी करायला आली, तर तिला दारातूनच वाटेला लावलं, कारण आजार तर पाहुण्यांच्या घराण्यातला! मी तीन चकरा मारल्या. तिसऱ्या वेळी सासऱ्यांनीच कंटाळून थुंकीची डबी घेतली. तपासणीत जंतू सापडले. कुणाचा कुणाला लागला हे छातीठोकपणे सांगता येत नाही आणि मी सांगितलंही नाही. त्यांच्या गोळ्या माझ्याकडेच सुरू झाल्या.

मग धाकट्या मुलीची पाळी आली, सुनेची नणंद, दहावीतली. नर्सबाईंनी तिच्या हाताच्या कातडीत एक बारीकशी सुई दिली, भोवती पेनाने गोल काढला आणि तीन दिवसांनी यायला सांगितलं. त्या सुईत ट्यूबरक्युलिनचंच शुद्ध केलेलं रूप होतं. औषध म्हणून जे साफ फसलं, त्याच्यावर कातडी सुजते की नाही हे पाहून जंतू शरीरात शिरला आहे का ते कळतं, हे कॉखच्या हयातीतच १९०७ च्या आसपास इतर डॉक्टरांनी दाखवलं. गावोगाव किती लोकांत जंतू शिरला आहे याचा अंदाज घ्यायलाही पुढे तीच सुई कामी आली.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या हातावर रुपयाएवढी घट्ट, लाल सूज होती. एक्सरे स्वच्छ निघाला. म्हणजे जंतू आत आहे, आजार नाही. पुढे आजार होऊ नये म्हणून गोळ्या लिहून दिल्या. दवाखान्यातून परत येताना रिक्षात सासूबाई तिचा हात मांडीवर घेऊन त्या गोलाकडे बघत होत्या. आमची गल्ली आल्यावर त्यांनी मला विचारलं, की सुनेच्या गोळ्या किती दिवसांच्या राहिल्या आणि उरलेल्या इथल्या दवाखान्यातून मिळतील का.

मिळतात. त्याच दुपारी मी तिच्या माहेरी फोन लावला.